तार जळाली तेव्हाची सदतीस मिनिटं

सोमवार, ३ मार्च

“खरं सांग, मारणार नाही,” असं आई म्हणाली होती. मी नऊ वर्षांची होते आणि शेजारच्या मुलीचा पुढचा दात दगड मारून पाडला होता. मी खरं सांगितलं. आईनं मारलं. लाकडी पट्टी मोडली तेव्हा थांबली, आणि मग माझ्याच शेजारी बसून रडली.

आज तेच वाक्य माझ्या तोंडून गेलं. लेक कॉलेजातून कोपर सोलून आली. जिन्यात पडले म्हणाली. “खरं सांग, ओरडणार नाही.” तर म्हणते, “आई, तू असं म्हणतेस तेव्हा तुझा आवाज आधीच चढलेला असतो.” मग सांगितलं. ती बसच्या आगारापाशी गेली होती. तिथल्या कामगारांना कामावरून काढून आज सहा दिवस झाले. आज पोलिसांनी दंडुके चालवले. ही म्हणे फक्त बघत उभी होती.

महिन्याचा पहिला सोमवार, म्हणजे माझी चाचणी. आमच्या रुग्णवाहिका केंद्राच्या सर्व्हरला बाहेर जायला दोन वाटा आहेत. पहिली जमिनीखालून जाणारी काचेची तार, दुसरी मोबाइलच्या मनोऱ्यावरून. ऑपरेटिंग सिस्टीम आपल्याजवळ एक तक्ता ठेवते, कुठे जायचं तर कुठल्या वाटेनं. तार पहिल्या पसंतीची. मी हुकूम देऊन तारेचा इंटरफेस, म्हणजे तिचं सर्व्हरमधलं दार, बंद करते, सिस्टीम त्या वाटेची नोंद तक्त्यातून पुसते, आणि दोन सेकंदांत सगळं दुसऱ्या वाटेनं सुरू होतं. मग इंटरफेस परत चालू करायचा. पुसलेली नोंद आपोआप परत येत नाही, ती हातानं घालावी लागते. पुष्कळ जण हे विसरतात. मी एकदाही विसरलेली नाही. वहीत लिहिलं, “चाचणी यशस्वी.” एकतिसावी.

सांधेकाका आले होते. जमिनीखालच्या तारा जोडणारे. केसाहून बारीक काचेचे धागे एकमेकांना चिकटवतात, म्हणून आम्हीच ठेवलेलं नाव. अठ्ठावन्न वर्षांचे आहेत आणि हात अजून थरथरत नाही.

“झाली का परीक्षा, बाई?”

“झाली. पास.”

“पेपर तुम्हीच काढायचा, तुम्हीच सोडवायचा, तुम्हीच तपासायचा. असं असतं तर मीसुद्धा शाळेत पहिला आलो असतो.”

मधली खुदकन हसली. फोन घेणाऱ्या तिघी एका ओळीत बसतात, त्यातली ही मधली.

“एकदा मला सांगा,” काका म्हणाले. “मी खाली उतरून तार तोडूनच दाखवतो. मग बघू तुमचं यंत्र किती शहाणं आहे.”

“तोडा, आणि मग बसा तीन तास सांधत.”

“माझं काय जातंय? मी सांधणाराच.”

दारातून साहेबांनी विचारलं, “कसली तोडातोड चाललीय?” सगळेच हसलो.

बुधवार, ५ मार्च

चार नंबरच्या गाडीची पुढची काच फोडली. चालकाचा कान फाटला. त्यानं एका हातानं कान धरून गाडी आणली आणि आत आल्यावर पहिलं काय विचारलं, तर “पेशंट उतरवला का?”

दुपारी मधलीला एका माणसाचा फोन आला. बोलता बोलताच त्याला मारायला लागले. फोन चालूच राहिला. ती ऐकत राहिली, पत्ता कळेल म्हणून. आधी तो ओरडत होता, मग नुसतेच मारल्याचे आवाज, मग कुणीतरी फोनवर पाय दिला. पत्ता कळला नाही. तिनं हेडफोन काढला, डबा उघडला आणि सगळा संपवला. मी बघत राहिले. “ताई, असं बघू नका,” ती म्हणाली. “भूक लागते.”

गुरुवार, ६ मार्च

जे झालं ते क्रमानं लिहिते.

दोन वाजून दहा मिनिटांनी चालकांच्या हातातल्या पडद्यांवर नवे पत्ते जाणं बंद झालं. आम्हाला हे कळलंच नाही. फोन वेगळ्या तारेवर येतात, ते येत होते. मुलींच्या पडद्यावर प्रत्येक पत्त्यापुढे “पाठवली” असंच उमटत होतं. तो शब्द सर्व्हरनं पत्ता हातात घेतला की उमटतो, गाडीला मिळाला की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. अडीचच्या सुमारास मधली ओरडली, “ताई, एकही गाडी हलत नाहीये!” नकाशावर अकरा ठिपके होते, सगळे जागच्या जागी.

मी सर्व्हरसमोर बसले. तारेचा दिवा विझलेला. म्हणजे तार गेली. पण मग दुसरी वाट? मनोऱ्यावरची? ती तर ठणठणीत दिसत होती. तरी काहीही बाहेर जात नव्हतं. चालकांना मोबाइलवर लावून बघितलं, लागेना, सगळं शहर त्याच वेळी मोबाइलवर; मनोऱ्यावर राखीव जागा आहे ती फक्त सर्व्हरला आणि गाड्यांच्या पडद्यांना. जुने वायरलेस सेट गेल्या वर्षीच काढून टाकलेत. मी म्हटलं, सर्व्हर बंद करून चालू करते. साहेब म्हणाले, “थांबा, आत आलेले पत्ते पुसले जातील.” आम्ही यावर भांडलो. मागे मुली फोनवर सांगत होत्या, “निघालीय, निघालीय गाडी.” शेवटी मी विचारायचं सोडलं आणि बटण दाबलं. दोन सत्तेचाळीसला सर्व्हर उठला तो दुसऱ्या वाटेनं, जसा चाचणीत जातो तसा. अकरा गाड्या एकदम सुटल्या.

सदतीस मिनिटं.

तार कशी गेली ते काकांच्या फोनवरून कळलं. बाजारामागच्या चौकात जमावानं टायर पेटवले, ते नेमके तारेच्या चेंबरच्या झाकणावर. खाली सगळं वितळलं. “धूर कमी झाला की उतरतो,” म्हणाले. मी म्हटलं, “आज नको, काका.” “मग कधी? जखमी काय उद्या होणार आहेत?”

त्यांनी तीनला झाकण उघडलं. सांधण्याआधी जळालेलं टोक कापावंच लागतं. ते कापत होते. चौकापासून चार दुकानं सोडून काच कापायचं दुकान आहे. तिथल्या म्हाताऱ्याच्या मांडीवर फुटलेलं तावदान पडलं होतं आणि आमची गाडी पोचायच्या आत तो गेला होता. त्याची मुलगी रस्त्यावर आली. कुणीतरी ओरडलं, “हा बघा तार तोडतोय! म्हणून गाडी आली नाही!”

पहिला घाव तिनं घातला. झाकण उचलायची लोखंडी आकडी तिथेच पडली होती. मग बाकीचे धावले. कटर सोडत नव्हते म्हणून हातांवर मारलं. मग तोंडावर. मग आत ढकलून झाकण लावायला निघाले होते, पण झाकण तापलेलं होतं, कुणाला धरवेना. म्हणून काका जिवंत आहेत.

हे सगळं मला चार नंबरच्या चालकानं सांगितलं. त्यानंच त्यांना वर काढलं.

शुक्रवार, ७ मार्च

सदतीस मिनिटांत चार माणसं गेली. साहेबांनी आकडा फळ्यावर लिहिला आणि लगेच पुसला.

शनिवार, ८ मार्च

पोलिस अधिकारी आला होता. सभ्य माणूस. पाणी दिलं तर “कशाला त्रास” म्हणाला. सर्व्हर बंद चालू केल्याचं सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे तार तुटल्यामुळे झालं.” मी म्हटलं, “तार तुटल्यावर दुसरी वाट सुरू व्हायला हवी होती, ती का झाली नाही ते शोधतेय.” त्यात त्याला फारसा रस दिसला नाही.

काकांबद्दल विचारलं. मी भरभरून बोलले. अठरा वर्षांत एकदाही रजा नाही, थट्टेखोर, जीव लावणारे. म्हटलं, सोमवारीच बघा ना, मला म्हणाले की मी तार तोडूनच दाखवतो, असा माणूस! तो हसला. मग बराच वेळ लिहीत होता. साक्षीदार कोण होते विचारलं, मी मधलीचं आणि साहेबांचं सांगितलं. कुणीतरी काकांबद्दल एवढं नीट लिहून घेतंय, याचं बरं वाटलं.

रविवार, ९ मार्च

इस्पितळात गेले. काकांच्या खोलीबाहेर एक शिपाई खुर्ची टाकून बसलाय. बरं झालं, नाहीतर कुणी परत मारायला यायचं.

उजव्या हाताची चार बोटं मोडलीत, डाव्या हाताचं मनगट. जबडा तारेनं बांधलाय. दोन्ही हात प्लास्टरमध्ये, छातीवर ठेवलेले, जणू दुसऱ्या कुणाचे आणून ठेवलेत. चेहरा ओळखू येत नाही. डोळे येतात.

काकू उशाशी होत्या. आत शिरल्याबरोबर म्हणाल्या, “या. बसू नका, खुर्ची एकच आहे.”

मी म्हटलं, “काकू, काही लागलं तर...”

“लागलंय की सगळं. आता अजून काय लागायचं राहिलंय?” मग चमच्यानं त्यांच्या बांधलेल्या दातांच्या फटीतून पेज घालायला लागल्या. घशात गेली, ठसका लागला, ठसक्यानं जबडा हलला, आणि काकांच्या तोंडून जो आवाज आला तो मी याआधी कधी ऐकलेला नाही. काकूंचा चमचा हलला नाही. “एक दिवस भांडायला तोंड उघडणार नाही म्हणाले होते,” त्या म्हणाल्या, “घ्या.” काकांच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं कळ आली. हसत होते.

निघताना काकूंनी दारात गाठलं. “तुमच्या यंत्राला दुसरी वाट होती ना? हे घरी येऊन सांगायचे, बाईंनी दोन वाटा ठेवल्यात म्हणून. मग?”

“शोधतेय, काकू.”

“शोधा.”

मंगळवार, ११ मार्च

सापडलं.

कपाटात सर्व्हरचा जुळा आहे. तसंच यंत्र, तशीच सिस्टीम, तेच तक्ते, वेळ पडली तर बदलायला ठेवलेला. त्याला तसंच तारेला आणि मनोऱ्याला जोडलं. आधी नेहमीची चाचणी केली. हुकूम दिला, नोंद पुसली गेली, दोन सेकंदांत दुसरी वाट. छान. मग सगळं परत पहिल्यासारखं केलं, आणि या वेळी हुकूम न देता तार हातानं उपटली.

काही झालं नाही. पाच मिनिटं बसले, दहा बसले. काहीही बाहेर गेलं नाही.

तक्ता उघडला. तारेच्या वाटेची नोंद होती तिथेच, सगळ्यात वर. तिच्या शेवटी बारीक अक्षरांत शेरा होता, की ही तार बंद आहे. आणि तरी सिस्टीम प्रत्येक निरोप तिकडेच पाठवत होती. आंधळेपणानं नाही. तिला माहीत होतं. तिनं लिहून ठेवलं होतं आणि तरी पाठवत होती.

असं का, तेही शोधलं. मी हुकूम देऊन दार लावते तेव्हा सिस्टीमला वाटतं, मालकानं दार लावलं, आता हा रस्ता नाहीच, पुसून टाक. तार नुसती मेली तर तिला वाटतं, येईल परत, नोंद राहू दे. मेलेल्या वाटेनं पाठवू नकोस असं तिला वेगळं सांगावं लागतं. त्यासाठी एक आकडा आहे. तो मुळात शून्य असतो, त्याचा एक करायचा. मी केला. परत तार उपटली. डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसरी वाट.

आणि गुरुवारी बंद चालू केल्यावर का चाललं? कारण सर्व्हर उठला तेव्हा तार आधीच मेलेली होती. मेलेल्या तारेची नोंद त्यानं तक्त्यात घातलीच नाही.

एकतीस वेळा मी दार लावलं आणि वहीत लिहिलं की तार तुटली तरी चालेल. तार एकदाही तोडली नाही. टोकावर धूळ बसेल, दहा मिनिटं लाइन जाईल, साहेबांची सही घ्यावी लागेल, म्हणून. काकांनी तर सांगितलं होतं. हसून सांगितलं म्हणून मीही हसले.

मांडीवर पडलेली काच. रक्त किती वेळ वाहतं? मी ते शोधलं नाही. ते सोडून सगळं शोधलं.

खऱ्या सर्व्हरवरही आकडा बदलून आले. लेकीनं विचारलं, “डोळे का लाल?” म्हटलं, “पडद्यासमोर होते.” “खरं सांग,” ती म्हणाली. मी भाजी चिरायला घेतली आणि बोट कापून घेतलं. मुद्दाम नाही. नसावं.

बुधवार, १२ मार्च

वर्तमानपत्रात आलंय. “तार तोडणारा अटकेत. तीन दिवस आधी दिली होती धमकी.” काकांचं वाक्य शब्दन् शब्द. “मी खाली उतरून तार तोडूनच दाखवतो.” खाली लिहिलंय, केंद्रातल्याच एका अधिकारी महिलेनं ही माहिती दिली.

मी ते उभ्यानं वाचलं. मग खाली बसले. तो दारातला शिपाई.

मधली सकाळपासून माझ्याशी बोलत नव्हती. दुपारी माझ्या टेबलाशी आली, हेडफोन गळ्यात. “ताई, तुम्ही सांगितलंत?”

“मी चांगलं म्हणून सांगितलं. ते कसे थट्टा करतात हे...”

“माझी साक्ष घेतली त्यानं. म्हणाला की नाही, एवढंच बोला. मी म्हटलं, म्हणाले, पण हसत. त्यानं ‘म्हणाले’ एवढंच लिहिलं.” मग म्हणाली, “त्या काचवाल्या मुलीचे चारही फोन मीच घेतले होते. चारही वेळा मी तिला सांगितलं, गाडी निघाली. ती चौथ्यांदा म्हणाली, ‘तुम्ही खोटं बोलताय.’ मी तिच्यावर ओरडले, ताई.”

साहेबांना सगळं दाखवलं. जुळ्या सर्व्हरवर तार उपटूनही दाखवली. ते शांतपणे बघत होते. मग खुर्ची जवळ ओढली.

“आकडा बदलला ना? मग झालं तर.”

“काका आत आहेत, साहेब.”

“तार तुटली हे खरं आहे. चेंबरमध्ये तो होता हेही खरं आहे. तुम्ही याच्यात तिसरं काय घालताय?”

“तार आधी जळाली. ते नंतर आले. आणि तार गेली तरी गाड्या थांबायला नको होत्या. त्या माझ्यामुळे थांबल्या.”

“मॅडम,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज घसरला, “बाहेर बघा. लोक माणूस मारायला शोधतायत. त्यांना एक मिळालाय. तुम्हाला घरी मुलगी आहे.”

हे त्यांनी मायेनं सांगितलं. सगळ्यात वाईट तेच.

सोमवार, १७ मार्च

चार दिवस लिहिलं नाही. चार दिवस काही केलंही नाही. अहवाल लिहितेय, असं स्वतःला सांगत होते. रोज उघडते, एक ओळ नीट करते, बंद करते. काल “माझ्या दुर्लक्षामुळे” लिहिलं, मग “चाचणीच्या पद्धतीतील त्रुटीमुळे” केलं, मग परत बदललं. तिकडे काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं काढली. काळी पडली होती. काकूंनी कुणाकरवी निरोप पाठवला, “सापडलं का?” एवढाच.

लेकीनं अहवाल वाचला. पडदा उघडा टाकून मी अंघोळीला गेले होते. बाहेर आले तर ती तिथेच बसलेली.

“हे तू कुणाला दिलंस?”

“अजून नाही.”

“कधी कळलं तुला?”

“मंगळवारी.”

तिनं बोटांवर दिवस मोजले. माझ्यासमोर, सावकाश. मग म्हणाली, “त्यांची बोटं कधी काढली?” मी तिच्या थोबाडीत मारली. सतरा वर्षांत पहिल्यांदा. ती हलली नाही, गालावर हातसुद्धा नेला नाही. “सांग आता त्यांना,” म्हणाली, “मारून झालं ना?”

गुरुवार, २० मार्च

अहवाल सहीनिशी पोलिस अधिकाऱ्याला दिला. आगाराजवळून गेले. रस्ताभर काच, जळक्या रबराचा वास, एका जळालेल्या बसमध्ये अजून कुणाची तरी चप्पल. कामगार आणि पोलिस समोरासमोर उभे होते आणि त्या क्षणी कुणीच काही फेकत नव्हतं. मी त्या मधल्या जागेतून चालत गेले. एक दगड पायाशी येऊन पडला. मागे बघितलं नाही.

अधिकाऱ्यानं तीन पानं वाचली. यावेळी पाणी त्यानं मला दिलं.

“मला यातलं अर्धं कळलं,” तो म्हणाला. “समजा सगळं खरं. म्हणजे गाड्या तुमच्यामुळे थांबल्या. पण त्यानं तार तोडली नाही हे यातून कुठे सिद्ध होतं? त्याला कापताना बघणारी साक्षीदार आहे. तिचा बाप गेलाय. न्यायाधीश कुणाचं ऐकेल, तिचं का तुमच्या तक्त्याचं?”

“तार दोन दहाला गेली. ते तीनला आले.”

“तो म्हणतो तीनला. तुमचा चालक म्हणतो तीनला. ती म्हणते आधीपासून होता.” त्यानं कागद फायलीत ठेवले. “ती बाई बोलली की सगळं बदलेल. ती बोलणार नाही. आणि तुमच्यावर काय करायचं ते वरून कळेल.”

मला वाटलं होतं, सही केली की आतलं काहीतरी सुटेल. काही सुटलं नाही.

शनिवार, २२ मार्च

काचेच्या दुकानात गेले. ठरवून गेले होते, की दारातच सांगायचं, मी कोण.

ती एकटी होती. तिशीची असेल. उजव्या तळहातावर पट्टी. आकडी तापलेली असणार. फुटलेलं तावदान अजून भिंतीशी उभं, खालची कड तपकिरी. शहरातल्या निम्म्या खिडक्या फुटल्यात, तिच्याकडे रांग होती.

“माप?”

मी माप सांगितलं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचं. तिची काच फुटलेलीसुद्धा नाही.

तिनं हिऱ्याची लेखणी काचेवर ओढली, कडेवर ठोकलं, आणि काच कागदासारखी दुभंगली. “मागे व्हा,” म्हणाली, “पायावर पडेल.” हे बोलून ती स्वतःच थांबली.

मी म्हटलं, “तुमच्या वडिलांचं ऐकलं.”

“सगळ्यांनीच ऐकलंय.” ती काचेची धार घासत राहिली. “मांडी आवळून धरली होती मी. दोन्ही हातांनी. फोन खांद्यात. ती बाई म्हणतेय निघाली, निघाली. सोडला हात तर येतंय भसाभसा, नाही सोडला तर फोन पडतोय. बाबाच म्हणाले, फोन ठेव, त्यांना दुसरे फोन असतील.”

रांगेतला कुणीतरी चुकचुकला.

“बाहेर आले तर चौक धुरानं भरलेला. झाकणातूनसुद्धा धूर येत होता, सगळे खोकत होते. आणि हा त्याच्यात हात घालून आरामात कापत बसलाय. आरामात!” तिनं घासणं थांबवलं. “मला अजून तो आवाज येतो. बोटांचा. मला त्याचं काही वाटत नाही.”

झाकणातून धूर येत होता. ती स्वतःच म्हणाली. आत आधीच जळत होतं. मला बोलता आलं असतं. मागे पाच माणसं उभी होती, तिच्या हाताशी काचा होत्या, आणि मी नऊ वर्षांची झाले. काच कागदात गुंडाळून घेतली, “येते” म्हणाले, आणि आले.

ती काच आता पलंगाखाली आहे. लेकीनं विचारलं, हे काय. म्हटलं, काच. “झालं का बोलून?” नाही म्हटलं. ती माझ्याशेजारी येऊन बसली, आणि तिचा गाल माझ्या खांद्याला लागला. तोच गाल.

सोमवार, २४ मार्च

काकांना उद्या इस्पितळातून तुरुंगात हलवणार. मी सकाळी गेले, शिपायानं आत सोडलं नाही. काकू बाहेर आल्या. त्यांना सगळं सांगितलं. सुरुवातीपासून, आकड्यापर्यंत, अधिकाऱ्याला काय बोलले तिथपर्यंत. वाटलं, मारतील. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मला कशाला सांगताय? मला माहीत होतं त्यांनी तोडली नाही. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा.”

दुकानात पुन्हा बोलता येणार नाही. म्हणून लिहून काढलंय. उद्या दुकान उघडायच्या वेळी जाईन, चिठ्ठी तिच्या हातात देईन आणि ती वाचून होईपर्यंत समोर उभी राहीन. साहेबांना विचारलेलं नाही. ती नाही म्हणेल. फाडून तोंडावर फेकेल, किंवा काहीतरी हाताशी असेल ते उचलेल. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं. तिला एक माणूस मिळालाय, आणि मी तो तिच्या हातून काढून घ्यायला चाललेय. तरी चिठ्ठी इथे उतरवून ठेवते.

“ताई,

शनिवारी तुमच्याकडून काच नेली ती मी. रुग्णवाहिका केंद्राच्या सर्व्हरचं काम मी बघते. सहा तारखेला सदतीस मिनिटं गाड्या निघाल्या नाहीत, त्या माझ्यामुळे. तार गेली तरी दुसऱ्या वाटेनं निरोप जायला हवे होते. ती सोय मी लावली होती, पण तार तोडून कधी तपासली नाही. फोनवरची मुलगी खोटं बोलत नव्हती, तिला तसंच दिसत होतं. तुमचे वडील माझ्या चुकीनं गेले. हे मी पोलिसांना सहीनिशी दिलंय.

ज्यांना तुम्ही मारलंत ते तार सांधायला आले होते. सांधण्याआधी जळालेलं टोक कापावं लागतं. झाकणातून धूर येत होता हे तुम्हीच बोललात. ते आत हात घालण्याआधीच तार जळून गेली होती.

गुरुवारी सकाळी अकराला केंद्रात या. त्या दिवशी होतं तसंच एक यंत्र मी मांडून ठेवीन. तार तुमच्या हातानं उपटा आणि तुम्हाला हवा तेवढा वेळ बसून बघा, काही बाहेर जातं का. त्यानंतर माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी दार लावून घेणार नाही. पण मग तिथून माझ्याबरोबर पोलिस ठाण्यात चला, आणि तुम्ही पोचलात तेव्हा झाकणातून धूर येत होता, एवढं एकच वाक्य त्यांना लिहून द्या. द्याल का?”